कूलरचं तोंड

“कूलर बंद करा, बाबा.”

“नाही करत.”

“सरळ सांगून राह्यलो. बंद करा. मशीनवर ओल बसून राह्यली.”

“मशीनवर ओल बसते ते दिसते तुले. बाप भट्टीत बसला ते नाही दिसत.”

“बापाले पाय हायेत. निंबाखाली जाऊन बसता येते. मशीनले येते का?”

“निंबाखाली वारा कुठं हाये बे? नुसती वाफ हाये. अन् कूलर माह्या कमाईचा हाये, तुह्या नाही.”

“मंग कूलरलेच घेऊन जा निंबाखाली. दोघं बसा खोकत.”

विक्कीनं उठून बटण दाबलं. कूलरचा पंखा सुस्तावत थांबला. विक्कीनं त्याला दोन्ही बाजूंनी धरून चाकांवर गरकन फिरवलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं, वर्गात मास्तर पोराला उभं करतो तसं. मग हात झटकले आणि खुर्चीवर जाऊन बसला. बाबाराव खाटेवर बसून कूलरच्या पाठीकडे पाहत राहिले. कूलरच्या जाळीतल्या गवतातून दोन थेंब फरशीवर पडले, तेवढाच काय तो गारवा.

वणीतला मे महिना. चंद्रपूर रोडवरून कोळशाचे ट्रक जात असतात आणि सकाळी झाडलेला ओटा दुपारी पायाला काळा लागतो. बाबारावांचं घर रोडच्या मागच्याच ओळीत. पुढची खोली, मधली खोली, मागं टिनाखाली स्वयंपाकघर. खिडकी फक्त पुढच्या खोलीला. बिनखिडकीच्या खोलीत कूलर लावला तर नुसता चिकट घाम येतो, म्हणून कूलर पुढच्या खोलीत. म्हातारा खोकतो, त्याला हवा लागते, म्हणून खाट पुढच्या खोलीत. आणि वायरिंग काय ते तिथंच धड, म्हणून विक्कीचं टेबलही तिथंच, तथागतांच्या फोटोखाली. टेबलावर एका बाजूनं काच असलेला कॉम्प्युटरचा डबा. काचेतून आतलं ग्राफिक्स कार्ड दिसायचं, वीतभर लांब, दोन पंख्यांचं.

विक्की लग्नांच्या फिल्मा करायचा. शूटिंग करायचा, कापायचा, जोडायचा, रंग चढवायचा. हे सगळं जड काम त्या कार्डावर. कार्ड होतं यवतमाळच्या एका कॉलेजच्या पोट्ट्यानं वापरून टाकलेलं, जुनं. नवं आणायची ऐपत नव्हती, म्हणून विक्की जुन्यालाच कंपनीनं ठरवून दिल्यापेक्षा जोरात पळवायचा. त्या उद्योगात मात्र तो असा सांभाळून वागायचा, की मागून पाहणाऱ्याला वाटावं, तापातलं लेकरू आहे.

बाप-लेकाचं जे काही धड बोलणं झालं, ते त्या कार्डावरूनच झालं होतं. सकाळची वेळ, ऊन चढायचं होतं, आणि विक्की खुशीत होता.

“काय करून राह्यला बे एवढं निरखून?”

“चाल वाढवून राह्यलो त्याची.”

“किती?”

“टाचणीएवढी. वाढवली का दमवून पाहाचं. पडद्यावर चमचम ठिपके आले, नाही त चित्र अडकलं, त एक पाऊल मागं. नाही आले, त आनखी टाचणीएवढी.”

“एकदम वाढवली त?”

“एकदम वाढवनारे भैताड असतात. अन् व्होल्टेजले हात नाही लावाचा. व्होल्टेज वाढवलं का ते लय तापते, अन् आपल्यापाशी कंपनीचे दोनच पंखे. व्हिडिओत तो गोरा सांगते, एवढं वाढवा, तेवढं वाढवा. तो स्वेटर घालून बसते. त्याची खोली अन् आपली खोली एक हाये का? जितकी हवा तितकीच पळ.”

जितकी हवा तितकीच पळ. बाबारावांनी मान डोलावली. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण हे कळलं. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं.

बाबाराव खाणीत पंखाघरात होते. जमिनीखालच्या खाणीच्या तोंडाशी एक घर असायचं आणि त्यात माणसापेक्षा उंच पंखा. तो खालची दमट, कोंदट हवा वर ओढायचा, म्हणजे दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत शिरायची. पंखा थांबला तर खालची माणसं तडफडणार. बाबारावांचं काम इतकंच, की तो थांबू द्यायचा नाही. आवाजावरून त्यांना कळायचं, पट्टा ढिला झालाय की पात्यावर धूळ बसलीय. विक्की जन्मला त्या दिवशीही ते पंख्यापाशीच होते. तुळसाबाईंनी ते कधी विसरू दिलं नाही. “मी इकडं जीव टाकून राह्यली होती, अन् हे तिकडं खाणीले वारा घालत होते,” असं त्या पाहुण्यांना हसत सांगायच्या आणि नवऱ्याकडे बघत नसत.

पुढे खालची खाण बंद पडली आणि वरून उघडी खोदायला सुरुवात झाली. आभाळाखालच्या खाणीला पंखा कशाला? बाबारावांना पाण्याच्या टँकरवर टाकलं. ट्रकांच्या रस्त्यावर पाणी मारायचं, धूळ दाबायची. आधी हवा, मग पाणी. धूळ असो, ताप असो, बाबारावांना या दोनच गोष्टी माहीत. एवढं करूनही कोळसा त्यांच्या छातीत गेलाच.

आणि जीभ. ती पंखाघरातच धारदार झाली होती, त्या घोंगाटात ओरडून बोलावं लागायचं, आणि ओरडून बोललेलं गोड कुठून असणार. विक्की बारावीत गणितात नापास झाला, तेव्हा जयंतीच्या मांडवात सगळ्या मोहल्ल्यापुढे बाबाराव म्हणाले होते, “माह्या पंख्याची पाती त्याच्यापेक्षा हुशार हायेत. निदान एका दिशेनं त फिरतात.” मांडव हसला. विक्कीही हसला. बाबारावांना वाटलं, पोरगं मोकळ्या मनाचं आहे. ते पोरगं ऐकून ठेवत होतं.

कूलरचं तोंड भिंतीकडे झालं त्याच आठवड्यात गच्चीवर कुरोड्या झाल्या. उन्हाळ्यातलं वाळवण, वर्षभराचं. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून सून मैत्रेयीनं पहाटेच साच्यातून धोतरावर पाडल्या आणि कावळे हाकायला बाबारावांना काठी देऊन बसवलं. तुळसाबाई गुडघे धरत जिना चढून आल्या, कमरेवर हात ठेवला आणि धोतराकडे पाहिलं.

“एवढ्याशाच?”

“हो, आत्याबाई.”

“मांगच्या साली सारी गच्ची भरली होती. पाय ठेवाले जागा नव्हती.”

“हात दुखून राह्यला माह्या. आनखी करू ना पुढच्या हप्त्यात.”

“साचा मी फिरवतो म्हनलं होतं,” बाबाराव म्हणाले.

“तुमी कावळे पाहा,” तुळसाबाई म्हणाल्या. “तुमाले पाहूनच उडून जातात ते.”

मैत्रेयी हसली नाही. एरवी ती सासूच्या अशा बोलण्यावर पदराआड हसायची. ती भांडी गोळा करून खाली गेली.

त्याच संध्याकाळी जेवताना विक्कीनं विषय काढला. एका कोळसा ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलीच्या लग्नाची फिल्म त्याच्याकडे होती. वरात अंधारात निघालेली, चित्रावर वाळू पडल्यासारखे ठिपके. ते साफ करणारं सॉफ्टवेअर होतं, पण त्याला अख्खा दिवस लागणार होता.

“नागपूरचा एक स्टुडिओ हाये,” विक्की ताटातच पाहत बोलला. “हे काम त्यायले दाखवाचं हाये. पसंत पडलं त त्यायचं सारं काम माह्याकडं येईन. इथंच बसून कराचं.”

बाबारावांचा हात थांबला. दोन वर्षांपासून घरात पुण्याचं नाव निघत होतं. निघायचं आणि विरायचं, पण बाबारावांच्या छातीत कोळशासारखं बसून राहायचं. विक्कीसोबत शिकलेले सगळे गेले होते. ज्या घरचे गेले त्या घरी काय होतं ते बाबाराव रोज बघत होते, दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा आणि भिंतीवर फोनमधून काढून लावलेले नातवांचे फोटो.

“इथंच म्हनजे, वणीतच?”

“हो.”

“पुन्याले नाही जाची गरज?”

“हे झालं त कायले जातो?” विक्की म्हणाला. “पन उद्या मशीन थांबाले नाही पाह्यजे, अन् मले यवतमाळले जानं पडते. जाता जाता मैत्रेयीले मारेगावले सोडीन तिच्या मायकडं. तुमी बसा मशीनपाशी.”

“मी?”

“पंखाघरात बसत होते तसं. कशालेच हात नाही लावाचा, नुसता आकडा पाहाचा. कोपऱ्यात दिसते, कार्डाचा ताप. दुपारच्यासाठी मी चाल एक पाऊल मांगं घेतली हाये. ऐंशीच्या वर गेला त मले फोन लावाचा. अन् कूलर लावाचा नाही. काही झालं तरी नाही.”

“नाही लावत.”

“शपथ घ्या.”

“बापाले शपथ घालते का बे?”

“मशीनची घ्या.”

“घ्या, घ्या,” तुळसाबाई भाकरी वाढत म्हणाल्या. “माह्यी त जन्मात घेतली नाही. मशीनची तरी घ्या.”

बाबारावांनी गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली. मैत्रेयी ताट घेऊन उठली, अर्धी भाकर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी विक्की आणि मैत्रेयी मोटरसायकलवर गेले आणि बाबाराव ड्यूटीवर बसले. दाढी केली होती. धुतलेलं बनियन घातलं होतं. स्टूल टेबलापासून हातभर दूर ठेवलं, श्वासाची वाफसुद्धा लागू नये म्हणून. खोकला आला की उठून दाराबाहेर जायचे, खोकायचे, परत यायचे.

सकाळ ठीक गेली. ऊन भिंतीत मुरायला लागलं तसा आकडा हलला. सत्तर. बहात्तर. बाबारावांच्या पाठीवरून घाम स्टुलावर उतरला. बाहेर ट्रक गेला, काच थरथरली. आकडा शहात्तर.

“काय बाप्पा,” ते कार्डाला म्हणाले, “तुले बी लागून राह्यलं का ऊन?”

तुळसाबाई स्वयंपाकघरात ओलं लुगडं अंगावर टाकून पडल्या होत्या. तिथून आवाज आला, “कोनाशी बोलून राह्यले?”

“ड्यूटीवर हावो.”

“तवाबी असेच पंख्याशी बोलत असान. म्हनून घरी येऊन मुके.”

आकडा एकोणऐंशी झाला. बाबारावांनी फोन लावला. दोन रिंगांत विक्कीनं उचलला.

“किती झाला?”

“एकोनऐंशी.”

“म्या काय सांगतलं होतं?”

“ऐंशीच्या वर.”

“मंग? मोजता येते ना? का पंखाघरात सारी बोटं देऊन आले?”

पलीकडे कोणीतरी बाई हसली. मैत्रेयीसारखी वाटली. पण मैत्रेयी तर कधीच मारेगावला उतरली असणार. बाबारावांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना लाज वाटली होती ती बोटांची.

ऐंशी झाले. बाबाराव थांबले. एक्याऐंशी झाले. फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा. ब्याऐंशी. आता आतले दोन छोटे पंखे किंचाळायला लागले होते. कॉम्प्युटर बाबारावांना कळत नव्हता, पण पंखा कळत होता. हा आवाज त्यांनी ऐकला होता. पातं फिरतंय, पण ओढायला हवा नाही.

“तुळसा. हे जाते.”

“कोन जाते?”

“कार्ड. लय तापलं. पोट्टा फोन नाही उचलून राह्यला.”

“मंग मी काय करू? फुंकू?”

बाबाराव उभे राहिले. कूलर भिंतीकडे तोंड करून उभा होता. शपथ आठवली. मग आठवलं, की हे काम झालं तर पोरगं इथं राहणार, आणि जळलं तर जाणार. पंखाघरात ते बसलेले असताना खाली एकही माणूस गुदमरला नव्हता. इतक्या वर्षांत एकही नाही. आणि आज स्वतःच्या पोराची भाकर त्यांच्या डोळ्यांदेखत गुदमरत होती.

काचेचे स्क्रू हातानं फिरले. काच काढून त्यांनी खाटेवर ठेवली. आतलं कार्ड लख्ख होतं. विक्की दर रविवारी ब्रशनं धूळ काढायचा, एवढं त्यानं कधी स्वतःचं डोकंही विंचरलं नसेल. बाबारावांनी बादलीभर पाणी टाकीत ओतलं, गवतावर मारलं, कूलरला दोन्ही बाजूंनी धरून त्याचं तोंड फिरवलं. अगदी जवळ आणलं. बटण दाबलं.

कूलर खाकरला. गवतात साठलेल्या धुळीचा एक काळा फवारा आला, मागोमाग पाण्याचा बारीक शिडकावा, आणि मग वारा सुरू झाला.

आकडा खाली आला. एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, बघता बघता सत्तर, आणि सहासष्ट. किंचाळणारे पंखे शांत झाले, जसं लेकरू तोंडात बोट घालून निजावं.

“तुळसा, इकडं ये. पाहून घे.”

तुळसाबाई लुगडं सावरत आल्या. आकडा पाहिला, कूलर पाहिला, नवरा पाहिला.

“उतरला?”

“उतरला. पंखेवाला हावो मी.”

“चांगलं केलं,” त्या खाटेवर टेकल्या. “लग्नानंतर पयल्यांदा तुमची हवा घराच्या कामी आली.”

कार्डावर आपटून उरलेला वारा खाटेपर्यंत येत होता. दोघं त्या उष्ट्या वाऱ्यात बसली. तुळसाबाईंची पाठ सुकली, डोळा लागला. बाबाराव आकड्याकडे बघत हसत होते. पोरगं येईल, आकडा पाहील, आधी दोन शिव्या देईल, मग म्हणेल, काय केलं बाबा? मग ते सांगतील. सावकाश सांगतील.

मग वास आला.

पंखाघरात मोटर जळायची तेव्हा यायचा तो वास. बाबाराव उठेपर्यंत पडद्यावरच्या वरातीवर रंगीत ठिपके चमचमले, नवरीच्या तोंडावर, घोड्यावर, बँडवाल्यांच्या टोप्यांवर. मग पडदा काळा झाला. आतले दोन पंखे थांबले. खोलीत आवाज उरला तो फक्त कूलरचा.

विक्की सांज पडताना आला, मैत्रेयी मागं बसलेली.

“मायकडं राहणार होती ना तू?” तुळसाबाईंनी विचारलं.

“माय गावाले गेली आत्याबाई,” मैत्रेयी म्हणाली आणि आत निघून गेली.

विक्कीनं दारातून पाहिलं. खाटेवरची काच, उघडा डबा, कूलरचं तोंड. तो ओरडला नाही. बाबाराव वाट बघत होते, की तो ओरडेल आणि मग त्यांना बोलता येईल. विक्कीनं चपला काढल्या. वायर उपटली. कार्डावरून हळूच एक बोट फिरवलं आणि ते बोट बापाच्या डोळ्यांपुढे धरलं. ओला, काळा चिखल.

“हे काय हाये?”

बाबारावांनी बोटाकडे पाहिलं.

“बोला ना. तुमी त वळखता. जन्मभर हेच खाल्लं.”

“आकडा उतरला होता, बाप्पा. सहासष्ट झालता.”

“मेलेल्या मानसाचा बी ताप उतरते.”

विक्कीनं बोट बापाच्या बनियनवर पुसलं. घाई न करता, नीट, छातीच्या डाव्या बाजूला, मग उलटं करून पुन्हा.

“लय तापलं होतं,” बाबाराव म्हणाले. “ब्याऐंशी. तुले किती फोन लावले.”

“त्याले काही होत नव्हतं. लय तापलं का ते सोताच चाल कमी करते. हळू होते, पन मरत नाही. कंपनीनं तेवढी अक्कल टाकली हाये त्याच्यात. तुह्यात नाही टाकली.”

“बापाले तू म्हनून राह्यला,” तुळसाबाई म्हणाल्या.

“त्यायनंच शिकवलं. मांडवात.”

बाबारावांना मांडव आठवला. त्यांनी बनियनवरच्या डागाकडे पाहिलं आणि मग एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली.

“ते सोताच हळू होते, त मले आकडा पाहाले काहून बसवलं?”

विक्की हसला. अगदी मांडवातल्यासारखा.

“तुमाले काही तरी काम देनं पडते ना. नाही त दिवसभर कूलर लावून बसले असते.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. तुळसाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबाराव खाटेवर बसायला गेले, तिथं काच होती, म्हणून उभेच राहिले.

“झालं,” विक्की म्हणाला. “आता इथं राहून काय करू? पुन्याले जातो. तुमच्या हातानं केलं तुमी.”

पुढचे दिवस तसेच गेले. विक्की ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, बाबानं कार्ड जाळलं, म्हणून जावं लागून राह्यलं. शेजारचे नानाजी, खाणीतलेच जुने सोबती, कुंपणावरून म्हणाले, “काय बाबाराव, पोराची भाकर जाळली म्हन्ते.”

“जाळली,” बाबाराव म्हणाले.

“ह्या उमरीत हात शिवशिवला काहून?”

“शिवशिवला.”

एका सकाळी त्यांनी कूलर एकट्यानं ढकलत बाहेर नेला आणि निंबाखाली ठेवला. तुळसाबाई म्हणाल्या, “आता कायले? आता त मशीन नाही.” बाबारावांनी वायर गुंडाळून कूलरवर ठेवली. खोलीत वारा नव्हता, खोकला रात्रंदिवस होता. मैत्रेयी पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवायची आणि त्यांच्याकडे न बघता जायची. बाबारावांना वाटायचं, सूनही रागावली आहे. रागावणारच. तिचं घर मोडलं आपण.

ते विक्कीला एकदा म्हणाले, “मी यवतमाळच्या त्या पोट्ट्याले भेटू का? दुसरं एखादं जुनं कार्ड असन त्याच्यापाशी.”

“अन् ते कोन मारन? आई?”

जायच्या दिवशी ट्रॅव्हल्स गाडी संध्याकाळची होती. ऑटो दारात उभा राहिला. बॅगा ओट्यावर आल्या. तुळसाबाईंनी मागून पत्र्याचा डबा आणला, झाकणाला फडकं बांधलेलं, आणि मैत्रेयीच्या हातात द्यायला गेल्या.

“कुरोड्या. तिकडं अशा भेटत नाहीत. घेऊन जा.”

“राहू द्या, आत्याबाई.”

“राहू द्या काय? मी तिखट घालून आनखी करीन माह्यासाठी. नेय.”

“नका ना. तुमा दोघांपुरत्याच केल्या मी त्या,” मैत्रेयी म्हणाली.

तिचा हात डब्यावर तसाच राहिला. तुळसाबाईंचाही. विक्की बुटाची नाडी बांधत होता, त्यानं वर पाहिलं नाही.

बाबाराव खाटेवर होते. त्यांचं डोकं सावकाश चालायचं, पण चालायचं. गच्ची. कावळे. धोतराचा एक कोपराही न भरलेल्या कुरोड्या. त्या कुरोड्या धोतरावर पडल्या तेव्हा कार्ड धडधाकट होतं. नागपूरच्या स्टुडिओचं बोलणं त्या संध्याकाळी झालं होतं, आणि कुरोड्या त्या सकाळच्या. फोनमधलं ते हसणंही आठवलं. दोघांपुरत्या.

ते उठून दारापाशी आले. बनियन तेच होतं. तुळसाबाईंनी दोनदा धुतलं होतं, तरी डाव्या बाजूला करडा डाग राहिला होता.

“मैत्रेयी,” ते म्हणाले, “त्या कुरोड्या आधी केल्या ना तू? कार्डाच्या आधी?”

मैत्रेयीनं डबा सोडला. तो तुळसाबाईंच्या हातात राहिला. ती पायऱ्या उतरून ऑटोत जाऊन बसली, तोंड पलीकडे करून.

विक्की उभा राहिला. एक बॅग खांद्यावर टाकली, दुसरी उचलली.

“विक्क्या,” बाबाराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पंखाघरात कधी इतक्या हळू बोलता आलं नसतं. “तुमचं जाचं ठरलंच होतं.”

विक्कीनं बॅगेचा पट्टा नीट केला.

“जाचं होतं त जाचं होतं,” बाबाराव म्हणाले. “म्या काय पाय धरून ठेवले असते? कार्ड माह्यानं जळलं, ते जळलं. पन मोहल्ल्याले काहून सांगतलं, का माह्याच्यानं जाऊन राह्यला म्हनून? मले काहून सांगतलं?”

ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. तुळसाबाई डबा छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांनी पोराकडे पाहिलं.

“बाप विचारून राह्यला,” त्या म्हणाल्या.

विक्कीनं खांद्यावरून घसरलेली बॅग वर ओढली, ओट्यावरून उतरला, निंबाखालच्या कूलरला वळसा घालून ऑटोपर्यंत गेला आणि आत बसला.